काळी चारवर खोचलेली यादी

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे रायपूरला. ममताची इथल्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत बदली झाली आणि मी तिच्या पिशव्या उचलून मागोमाग आलो. नवरा बायकोच्या बदलीच्या गावी निघाला याचं आमच्या सांगलीच्या गल्लीत फार हसू झालं. हसा म्हणावं. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात आणि लोकांच्या पेट्या दुरुस्त करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. आता नाटकं वर्षाला चार होतात आणि पेट्यांच्या जागी मोबाइल आलाय. सांगलीत बसून माशा मारायच्या त्या रायपुरात मारीन.

घर तात्यापाऱ्यात मिळालं. पारा म्हणजे इथे वस्ती. आजूबाजूला भोसल्यांच्या काळापासून राहिलेली मराठी घरं आहेत. म्हातारी माणसं मराठी बोलतात, त्यांची नातवंडं सगळं समजून उत्तर हिंदीत देतात. सकाळी गोल बाजारात जाऊन कुकर घेतला, कोपऱ्यावर पोहे-जिलेबी खाल्ली. पोह्यांवर जिलेबी! ममता म्हणाली, तुझ्या स्वभावाला हेच गाव शोभतं, काय कशाबरोबर जातं हे तुला कधी कळलंय?

ही वही तिनेच दिली. रिकामा वेळ मिळेल तेव्हा यात लिही, माझं डोकं खाऊ नकोस, असा हुकूम आहे.

संध्याकाळी घरमालक एका गृहस्थांना घेऊन आले. श्यामराव, सत्तरीचे, ब्राह्मणपाऱ्यात भांड्यांचं दुकान. त्यांना कुणीतरी पेटीवाला आल्याचं कळलं होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर थोरल्या भावाने बसवलेला एक "मोठा बाजा" आहे, तो तीन वर्षं मुका पडलाय, बघाल का, असं विचारत होते. बघीन म्हणालो. बघायला काय जातंय?

५ नोव्हेंबर, बुधवार

बाजा कसला, अख्खी भिंत आहे! नळ्यांचा ऑर्गन. मी जन्मभर ज्याला ऑर्गन म्हणत आलो ती पायपेटी याच्यापुढे शेंबडं पोर वाटली. चारशेच्या वर नळ्या. काही माझ्या करंगळीएवढ्या, काही छताला टेकलेल्या. दोन ओळी पट्ट्या हातांना, एक ओळ पायांना. मागे खाटेएवढा भाता. पूर्वी तो माणसं ओढायची, आता विजेचा ब्लोअर वारा भरतो.

श्यामरावांचे भाऊ शरच्चंद्र जर्मनीत इंजिनिअर होते. तिकडच्या एका बंद पडलेल्या खेड्यातल्या चर्चमधून त्यांनी हा विकत घेतला, खोक्यांत भरून रायपूरला आणला आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून उभा केला. शौक असावा तर असा! तीन वर्षांपूर्वी ते गेले. तीस नोव्हेंबरला त्यांची पुण्यतिथी आहे. त्या दिवशी त्यांच्या आवडीच्या आठ रचनाकारांचं थोडं थोडं वाजवावं, तोवर बाजा सुरात आणावा, एवढंच काम आहे.

श्यामरावांनी एक अट घातली. अट कसली, विनवणीच म्हणायची. म्हणाले, "शिरीषभैया, तुम्ही जाणकार, मी काय सांगू तुम्हाले? फक्त सूर लावून उठून जाऊ नका. बसून वाजवा, हात उचला, मग बटन बंद करा." मी मान डोलावली आणि मनात हसलो. पेटीवाल्याला सूर कसा ठेवायचा ते भांडीवाला शिकवतोय.

हॉल झाडायला शांताबाई येतात. त्या आत येताना पदर नाकाला लावतात आणि जाईपर्यंत सोडत नाहीत. धूळ फार आहे खरी.

९ नोव्हेंबर, रविवार

आठ रचनाकारांची आठ पाकिटं कपाटात ओळीने लावलेली आहेत. प्रत्येकावर शरच्चंद्रांनी नाव, देश आणि साल लिहिलंय. चार दिवस मी त्यांतच बुडालोय. ममता विचारते, जेवायला येतोयस की जर्मनीतच थांबतोयस?

सगळ्यांत जुना स्पेनचा काबेसॉन, लहानपणापासून आंधळा, राजाच्या पदरी. मग ॲमस्टरडॅमचा स्वेलिंक, एकाच चर्चमध्ये चाळीसेक वर्षं. रोमचा फ्रेस्कोबाल्डी मला आपला वाटला. पायाखाली एक सूर धरून ठेवायचा आणि वर बोटांनी मन मानेल तसं हिंडायचं, ही त्याची तऱ्हा. आपला षड्ज दुसरं काय करतो? लुबेकचा बुक्स्टेहुडे. त्याला ऐकायला तरुण बाख चारशे किलोमीटर पायी गेला होता. आमच्याकडे गुरूच्या घरचं पाणी भरतात, त्यातलाच प्रकार. मग स्वतः बाख. त्याच्याबद्दल मी लिहू नये, अजून माझी बोटं त्याच्या पहिल्याच पानावर अडखळतायत. पुढे पॅरिसचे तिघे : फ्रांक, व्हिएर्न आणि मेसियाँ. मेसियाँने एकाच ऑर्गनवर साठ वर्षं काढली. व्हिएर्न तर कार्यक्रम चालू असताना ऑर्गनवरच गेला. पाय खालच्या पट्टीवर तसाच होता आणि तो एक सूर चर्चभर वाजत राहिला, असं सांगतात.

पेटीचा सूर भाता थांबला की विरतो. याचा सूर वारा आहे तोवर मरत नाही, बोट उचललं नाही तर दिवसभर तसाच. चारशे वर्षं ही सगळी माणसं याच एका गोष्टीच्या नादी लागली होती. पाकिटं चाळताना एक मनात आलं. यांची नावं, गावं, सालं सगळी लिहिलेली आहेत, पण यांच्यामागे भाता ओढून जे घामाघूम झाले त्यांचं नाव कुठेच नाही. वाजला बाख, दम गेला भलत्याचाच. ममताला हे सांगितलं तर म्हणाली, साथीदारांचं दुःख तुला बरं कळतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं तसं लिहून काढतो, म्हणजे माझा माझ्यावर विश्वास बसेल.

सकाळपासून नळ्या सुरात लावत होतो. नळीच्या टोकाची पत्र्याची पट्टी सरकवली की सूर चढतो-उतरतो. पण पट्ट्यांवर मी आणि नळ्या भिंतीमागे, मग सूर धरणार कोण? आम्ही पेटीवाले अशा वेळी कागदाची घडी करून दोन पट्ट्यांच्या फटीत खोचतो. पट्टी दबलेली राहते, हात मोकळे होतात. ही सवय इतकी जुनी आहे की तिला मी सूर लावून उठणं समजतच नाही. खिशात ममताने लिहून दिलेली सामानाची यादी होती, तिचीच घडी काळी चारवर खोचली. काळी चार का, तर ममता गाते ती पट्टी. एकोणीस वर्षं घरात पहिला सूर तोच लागतो.

दुपारी भूक लागली. दहा मिनिटांत येतो म्हणून सूर तसाच ठेवून खाली पोहे खायला गेलो. गप्पांत तास गेला. परत येताना श्यामरावांचं दुकान अंधारलेलं. लाइट तासाभरापूर्वीच गेली होती, तुम्ही उतरलात त्याच्या मागोमाग, असं ते म्हणाले.

जिन्यात मला सूर ऐकू आला.

ब्लोअर बंद होता. भात्याला हात लावला, तो तळाला बसलेला, चपटा. आणि काळी चार वाजत होती, बारीक, एकसारखी. तेवढ्यात ममताचा ऑफिसातून फोन आला. खांद्यावर फोन धरून मी तिला हा चमत्कार सांगू लागलो. ती म्हणाली, माझं जरा ऐक, मला दुपारपासून दम लागल्यासारखं — आणि बोलता बोलता मी यादी पट्टीतून ओढून काढली.

सूर थांबला. ममता थांबली. वाक्याच्या मधोमध. मग तिकडे काहीतरी पडल्याचा आवाज आणि तिच्या मैत्रिणीची, अबोलीची किंकाळी.

दुरुस्तीत काही बिघडलं की आम्ही शेवटचं काढलेलं आधी जागेवर बसवतो. विचार न करता मी कागद परत खोचला. सूर लागला आणि फोनमधून श्वास ऐकू आला, बुडणारं माणूस वर आल्यावर घेतं तसा.

शेजारची पट्टी नुसत्या बोटाने दाबून पाहिली. ती मुकी. कागद एकदाच, क्षणभर सैल केला. तिकडे अबोली पुन्हा ओरडली. त्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर म्हणतात फुप्फुसं स्वच्छ आहेत, हवापालट मानवली नसेल. ममता घरी आहे. चालते, जेवते, पण तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. आवाज तिचा नाहीच, नळीतून फुंकल्यासारखा येतो. मला खुणेने म्हणते, घाबरू नको. मी तिला काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

सकाळी हॉलवर गेलो. वीज आली होती, ब्लोअर चालू केला. सूर तसाच, त्याला त्या वाऱ्याची गरजच नाही. यादीची लिहिलेली बाजू फटीबाहेर दिसते. वरून पहिला शब्द "आलं" होता. तो आता नाही. पुसलेला नाही, खोडलेला नाही. तिथे कोरा कागद आहे.

आलं, कोथिंबीर, गूळ, ओवा, चिंच, मुरमुरे, साबण, फुलवाती. आणि खाली रेघ मारून : विसरू नकोस. ती ओळ धरून आता आठच उरले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कोथिंबीर आणि गूळ गेले.

शरच्चंद्रांनी कुठे काही लिहून ठेवलं असेल म्हणून पाकिटं उपसली. बुक्स्टेहुडेच्या पाकिटात तळाशी कागदाची एक घडी, कोरी. फ्रांकच्या पाकिटात एक. बाखच्या पाकिटात एक. फटीत मावेल एवढ्याच, माझ्या घडीसारख्या. बाखच्या पाकिटातली उजेडात तिरपी धरली. शाई नाही, पण पेन दाबून लिहिल्याचे वळ आहेत. बाईमाणसाचं अक्षर.

शांताबाई दारात उभ्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मीरावहिनींचं आहे ते. भैया, तुमीबी सूर लावला ना? मले लिहिता येत नाही, म्हणून मी राहिली."

खाली जाऊन श्यामरावांना धरलं. ते वजनकाट्यापाशी बसून लहान मुलासारखे रडले. त्यांनी सांगितलं ते असं. दादाने, म्हणजे शरच्चंद्रांनीही, एकदा चुकून सूर लावून ठेवला होता, फटीत बायकोची, मीरावहिनींची चिठ्ठी होती, आणि वीज गेली. ज्याच्या हातचं अक्षर, वारा त्याचा. अक्षर संपलं की माणूस संपतो. सूर थांबवला तर त्याच क्षणी संपतो. वहिनींनी आणखी पानंच्या पानं लिहून पाहिली, नळी काढायला गेले, काही उपयोग नाही. एकच होतं : सूर तुटू न देता दुसऱ्याचं अक्षर खोचलं तर पहिला सुटतो. दादाने बायकोला सोडवायला मुनीमजींची चिठ्ठी घातली. ती कोरी होता होता मुनीमजी गेले, सूर विरू लागला, आणि दादाला वाटलं, तो थांबला की पुन्हा वहिनींवरच येईल. म्हणून स्वयंपाकी नरहरची, तोही तसाच गेला. बदललेली घडी आधीच्यापेक्षा लवकर जाते. घडी कोरी झाली की त्या दिवशी ज्याचं वाजवत असत त्याच्या पाकिटात ठेवून देत. मीरावहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता आपली चिठ्ठी आपल्या हाताने परत खोचली. दादाने विरत्या सुरात स्वतःचं अक्षर घातलं, पण तोवर त्या गेलेल्या होत्या. दादा तिथेच बसलेले सापडले, समोर कोरा कागद. त्यांचं अक्षर संपलं तेव्हा सूर आपोआप थांबला, कुणावर आला नाही.

हे मला आधी काहून नाही सांगितलं, असं मी त्यांच्याच बोलीत ओरडलो. ते म्हणाले, "तुम्ही हसले असते जी."

हसलोच असतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ओवा, चिंच, मुरमुरे गेले. साबण, फुलवाती, विसरू नकोस.

ममताला आता एक शब्द जमतो. काल रात्रभर तिच्या उशाशी बसून तिच्या छातीकडे बघत होतो. ती झोपेत ओठ हलवते, आवाज निघत नाही. एकोणीस वर्षं मी तिच्या गाण्यामागे सूर धरला. आता तो सूर तिलाच खातोय.

मी भित्रा आहे हे इथे लिहून ठेवतो. दोन दिवस मी स्वतःचं अक्षर सोडून बाकी सगळ्यांचा विचार केला. श्यामरावांनी मला दिलेलं नेमणुकीचं पत्र माझ्या पिशवीत आहे. त्यांच्या हातचं. पाठपोट भरलेलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

घातलं.

पत्राची घडी यादीशेजारी सरकवली, यादी हळूच काढली. सूर तुटला नाही. ममताला फोन लावला होता. ती पूर्ण वाक्य बोलली — अरे शिरीष, कुठे आहेस तू, मला एकदम मोकळं वाटतंय — आणि मी हमसून रडलो.

खालून भांड्यांची चळत कोसळल्याचा आवाज आला. मग खोकला. खोकला नव्हे, माणूस हवा शोधतं तो आवाज. नातीच्या हाका.

मोजत होतो. तीसपर्यंत मोजलं. तीस! यादी परत घातली, पत्र काढलं. पत्रातली पहिली ओळ नाही.

फोनवर ममता गप्प झाली.

पाकिटं कशी भरत गेली ते मला आता माहीत आहे. प्रत्येक वेळी तीसपर्यंत मोजायचं आणि एकदा पुढे मोजत राहायचं, इतकं सोपं आहे ते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साबण गेला, फुलवाती गेल्या. "विसरू" पण नाही. फक्त "नकोस" उरलंय, त्याचाही "न" फिका.

ममता श्वास मोजून घेते. हाताला धरलं तर बोटं गार. मला जवळ बसवून घेत होती, मी उठून आलो. काय म्हणाली असेल मनात.

तिला कळता कामा नये. कळलं तर मीरावहिनींनी केलं तेच करेल, मी ओळखून आहे तिला. भांडून करेल.

ही वही आहे. माझंच अक्षर आहे. मागची पानं —

भीती वाटते. देवा, फार भीती वाटते.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी अकरा

दाराला आतून कडी. श्यामरावांना गावाबाहेर पाठवलंय. मागच्या कोऱ्या पानावर आठ नावं लिहिली, काबेसॉनपासून मेसियाँपर्यंत, माझ्या हाताने. घडी केली. यादीशेजारी सरकवली. यादी काढली.

सूर तुटला नाही.

छातीवर कुणी बसल्यासारखं. पण लिहिता येतंय.

साडेअकरा

फोन आला. ममता. खणखणीत आवाज! दहा मिनिटं बोलली, मला शिव्या घातल्या, कुठे उलथला आहेस म्हणाली. मला उत्तर देता येईना. हूं हूं केलं. हसलो वाटतं.

घडीतली वरची चार नावं नाहीत. श्यामराव म्हणाले होते, बदललेली लवकर जाते. इतकी लवकर —

पावणेबारा

बाख गेला. फ्रांक अर्धा.

घाम. खुर्चीवरून उठवत नाही. मोठ्या नळ्यांच्या तोंडाशी काहीतरी आत ओढलं जातंय, पडदा तिकडे झुकतोय, खिडक्या बंद आहेत —

यादी खिशात घेतलीय. "नकोस". तेवढं तिचं परत येईल का, बाकीचे शब्द —

बारा असतील

जिन्यात पावलं. ती. गातेय. चढताना गातेय, दम न लागता! काळी चार, बरोबर या सुरात, दोन्ही एक झालेत, कुठला तिचा आणि कुठला —

कडी वाजवतेय. शिरीष, दार उघड, आत काय चाललंय, कागद काय खोचलाय तो, मला फटीतून दिसतोय —

ओरडता येत नाही. आवाज नाही.

हात लावू देता कामा नये. तिला पेन मिळता कामा नये. शांताबाईंचा आवाज, त्या तिला काही सांगतायत, सांगू नका, सांगू —

चिठ्ठी. हे पान फाडून दाराखालून.

ममता, काही नाही गं, नुसता सूर लावतोय. आत यायची गरज नाही. शांताबाईंचं ऐकू नकोस, त्या काहीही बोलतात. तू घरी जा, आल्याचा चहा टाक, दोन कप टाक, मी तुझ्या मागोमाग निघालोच आ